यंत्राला आपले घर कसे सापडते?

लाकडाच्या एका फळीवर शाळेचे नाव कोरायचे आहे. संगणकावर अक्षरे काढून झाली. फळी यंत्राच्या बेडवर घट्ट आवळून झाली. आता कळ दाबायची, की छोटे फिरते हत्यार खाली उतरेल आणि अक्षरामागून अक्षर कोरीत जाईल. पण जरा थांबा. फळी कोठे आहे हे यंत्राला कोणी सांगितले? आणि फळीचे राहू द्या, आपण स्वतः कोठे आहोत हे तरी त्याला ठाऊक आहे का?

विद्यार्थी मित्रहो, या साध्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. नुकतेच चालू केलेले छोटे मिलिंग यंत्र आपल्या जागेबाबत पूर्णपणे अनभिज्ञ असते. त्याला आधी आपले ‘घर’ शोधावे लागते. कारागीर याला ‘होमिंग’ म्हणतात आणि त्या ठरलेल्या जागेला ‘होम’. हे घर यंत्र कसे शोधते आणि ते नीट सापडले नाही तर काय घडते, हे आज पाहू.

आकड्यांवर चालणारे यंत्र

मिलिंग यंत्रात धारदार कटर स्वतःभोवती वेगाने फिरतो आणि पुढ्यातील वस्तूचा कीस काढत जातो. या वस्तूला कारखान्यात ‘जॉब’ म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू. पूर्वी कारागीर हाताने चाके फिरवून जॉब व कटर एकमेकांसापेक्ष सरकवीत असे. हे सरकवण्याचे काम आकड्यांवर सोपवण्याची कल्पना अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या जॉन पार्सन्स यांनी पुढे आणली. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र आकार काटेकोर करणे ही त्यांची अडचण होती. पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेने छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून आज्ञा घेणारे मिलिंग यंत्र तयार केले व १९५२ साली ते लोकांना दाखवले. निर्वात नलिकांनी भरलेली त्याची नियंत्रक कपाटे चांगलीच अवाढव्य होती.

आज हेच काम तळहातावर मावणारी एक पाटी करते. हौशी लोकांच्या यंत्रांत ‘आर्डुइनो उनो’ नावाची पाटी आणि तीवर ‘जीआरबीएल’ नावाची आज्ञावली अनेकदा आढळते. नॉर्वेच्या सिमेन स्कोग्सरूड यांनी २००९ साली लिहिलेली ही आज्ञावली कोणालाही विनामूल्य वापरता येते. या लेखातील आकडे तिचेच आहेत. दुसरी आज्ञावली असली तर आकडे बदलतील, तत्त्व तेच राहील.

आपण उदाहरणासाठी टेबलावर मावणारे यंत्र घेऊ. त्याचा कटर डावी-उजवीकडे ३०० मिलिमीटर, पुढे-मागे १८० मिलिमीटर आणि खाली-वर ४५ मिलिमीटर सरकू शकतो असे समजू. या तीन दिशांना अनुक्रमे एक्स, वाय व झेड अक्ष म्हणतात. भूमितीतील क्ष आणि य यांचीच ही भावंडे, तिसरे उंचीचे. काही यंत्रांत कटरऐवजी बेड सरकतो, पण हिशेब नेहमी कटर सरकतो असे मानूनच करतात.

मोजणारी, पण न पाहणारी मोटार

प्रत्येक अक्षावर एक स्टेपर मोटार असते. पंख्याच्या मोटारीसारखी ती सलग फिरत नाही, टप्प्याटप्प्याने फिरते. एका पूर्ण फेऱ्यात तिचे २०० टप्पे असतात; म्हणजे एक टप्पा ३६० ÷ २०० = १.८ अंशांचा. मोटार चालवणारा परिपथ या प्रत्येक टप्प्याचे आणखी ८ भाग करतो असे धरा. मग एका फेऱ्यासाठी १६०० स्पंद लागतील. मोटारीला जोडलेला लीड स्क्रू एका फेऱ्यात ४ मिलिमीटर पुढे नेत असेल, तर १ मिलिमीटरसाठी १६०० ÷ ४ = ४०० स्पंद झाले. एका स्पंदाला सरकणे फक्त ०.००२५ मिलिमीटर. (म्हणून यंत्र तेवढे अचूक आहे, अशी समजूत मात्र करून घेऊ नका. स्क्रू व नट यांतील ढिलेपणा आणि सांगाड्याची लवचीकता ही गणिताला न विचारता आपला वाटा उचलतात.)

कटर २५ मिलिमीटर उजवीकडे न्यायचा असेल, तर नियंत्रक १०,००० स्पंद पाठवतो आणि आपल्या वहीत ‘एक्स २५ ने वाढला’ अशी नोंद करतो. कटर खरोखर तेथे गेला की नाही हे तो पाहत नाही. पाहायला त्याच्याजवळ काही साधनच नाही.

रात्री दिवे गेले असता आपण घरात पावले मोजत चालतो. खाटेपासून चार पावले पुढे, दोन पावले डावीकडे, की हाताला फडताळ लागते आणि मेणबत्ती सापडते. पण झोपेत असताना कोणी आपल्याला उचलून दुसऱ्या खोलीत ठेवले असेल तर? पावले तीच, मोजणीही बरोबर, तरीही डोके भिंतीवर आपटायचे. चूक मोजणीत नसते, सुरुवातीच्या जागेत असते.

यंत्राचे नेमके असेच होते. चालू करताच नियंत्रक आपली जागा (०, ०, ०) आहे असे धरून चालतो, मग कटर बेडच्या कोपऱ्यात असो की मध्यभागी. आदल्या दिवशीची नोंद वीज बंद होताच पुसली गेलेली असते. आणि ती जपून ठेवली असती तरी फारसा भरवसा नव्हता, कारण मधल्या वेळात साफसफाई करताना कोणी स्क्रू हाताने फिरवला असेल. शिवाय वीज पुन्हा येताच मोटारीचा गाभा जवळच्या सोयीच्या चुंबकीय स्थितीत खटकन जाऊन बसतो. ही स्थिती दर चार टप्प्यांनी पुन्हा येते. आपल्या यंत्रात एक टप्पा ०.०२ मिलिमीटरचा आहे, तेव्हा या बैठकीत कटर ०.०४ मिलिमीटरपर्यंत इकडे किंवा तिकडे सरकू शकतो. कोणी हातही लावलेला नसताना!

शोधाची रीत

उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक अक्षाच्या एका टोकाला एक छोटा विजेचा स्विच बसवायचा. सरकणारा भाग त्या टोकाला पोचला की स्विचची पट्टी दाबली जाते आणि नियंत्रकाला संकेत मिळतो. आंधळ्या कोशिंबिरीत डोळे बांधलेला मुलगा हात पुढे करून भिंत शोधतो, तसाच हा प्रकार.

जीआरबीएलमध्ये डॉलर चिन्ह आणि एच हे अक्षर टंकून पाठवले की शोध सुरू होतो. सर्वांत प्रथम झेड अक्ष हलतो आणि कटर वर उचलला जातो. हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. कटर या क्षणी जॉबच्या खाचेत असू शकतो किंवा जॉब आवळणाऱ्या क्लॅम्पच्या शेजारी असू शकतो. तो आधीच आडवा सरकला तर मोडेल, नाहीतर जॉब फाडेल. कटर वर गेल्यानंतरच एक्स व वाय हे अक्ष आपापल्या टोकांकडे निघतात.

आता एक गमतीचा भाग पाहा. यंत्र स्विचला एकदा नव्हे, दोनदा शिवते. प्रथम जलद, मिनिटाला ५०० मिलिमीटर या वेगाने. स्विच दाबला जाताच ते थांबते, १ मिलिमीटर मागे येते आणि मग मिनिटाला केवळ २५ मिलिमीटर या गोगलगायीच्या वेगाने पुन्हा पुढे जाते. या दुसऱ्या स्पर्शाचीच जागा खरी मानली जाते. (हे वेग मूळ आज्ञावलीत दिलेले आहेत, ते बदलता येतात.)

हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? थोडे गणित करू. स्विच दाबला जाणे आणि यंत्र थांबणे यांत लागणारा वेळ दर खेपेला तंतोतंत सारखा नसतो. त्यात ५ मिलिसेकंदांचा फरक पडतो असे समजा. ५०० मिलिमीटर प्रतिमिनिट म्हणजे सेकंदाला सुमारे ८.३ मिलिमीटर. ५ मिलिसेकंदांत कटर ०.०४ मिलिमीटर सरकेल. शिवाय वेगात असताना एकदम थांबवल्यामुळे जडत्वाने मोटार एखादा टप्पा पुढेही घसरू शकते. २५ च्या वेगाने मात्र त्याच ५ मिलिसेकंदांत फक्त ०.००२ मिलिमीटर अंतर कापले जाते, म्हणजे वीसपट कमी. मग सगळाच शोध हळू का घेऊ नये? ३०० मिलिमीटर अंतर २५ च्या वेगाने कापायला १२ मिनिटे लागतील म्हणून! जलद शोधात ३६ सेकंदांत काम होते. आधी जलद पण ढोबळ, मग सावकाश पण नेमके, अशी ही वाटणी आहे.

दोन स्पर्शांच्या मध्ये यंत्र पाव सेकंद स्वस्थ उभे राहते. स्विचमधील धातूच्या पट्ट्या दाबल्या गेल्यावर किंवा सुटल्यावर क्षणभर थरथरतात आणि त्या अवधीत संकेत चालू-बंद-चालू असा होतो. ती थरथर विरून जावी म्हणून ही विश्रांती. शेवटी यंत्र पुन्हा १ मिलिमीटर मागे येऊन स्विच मोकळा करते आणि नियंत्रक नोंद करतो : एक्स –१, वाय –१, झेड –१.

येथे तुमच्यापैकी कोणाला तरी प्रश्न पडला असेल. हे आकडे ऋण का? जीआरबीएलच्या मूळ मांडणीत घर उजव्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात आणि सर्वांत वर असते, म्हणजे तिन्ही अक्षांच्या धन टोकाला. शून्यच धन टोकाला गेल्यावर उरलेली सगळी जागा ऋण बाजूलाच पडणार. आलेखाच्या वहीत तिसऱ्या चरणात काढलेल्या आकृत्या आठवा. आपले यंत्र आयुष्यभर त्या चरणातच काम करते. एक्स ० ते –३००, वाय ० ते –१८०, झेड ० ते –४५. नवशिक्यांना हे विचित्र वाटते, पण झेडच्या बाबतीत ते फार सोयीचे आहे. शून्य म्हणजे सर्वांत वरची, निर्धोक जागा.

दोन शून्ये

पण शाळेचे नाव काढताना आपण संगणकावर फळीचा डावा पुढचा कोपरा शून्य धरला होता आणि उंचीचे शून्य फळीच्या वरच्या पृष्ठभागावर. हे शून्य वेगळे आणि यंत्राच्या घराचे शून्य वेगळे. पहिल्याला जॉबचे शून्य म्हणू, दुसऱ्याला यंत्राचे शून्य. या दोहोंची गल्लत हे नवशिक्यांच्या निम्म्या अडचणींचे मूळ आहे, असे माझे मत आहे.

रेल्वेच्या स्थानकावरील पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. स्थानकाच्या इमारतीची उंची मात्र आपण जमिनीपासून मोजतो. दोन्ही उंच्या खऱ्या, फक्त शून्ये दोन. एकीवरून दुसरीकडे जायचे तर मधले अंतर ठाऊक असले की पुरे.

हे मधले अंतर यंत्रावर कसे काढतात? घर सापडल्यानंतर ६ मिलिमीटर व्यासाचा कटर डावीकडून हळूहळू फळीच्या डाव्या कडेला टेकवा. स्पिंडल बंद असावे. पडद्यावर यंत्राचा एक्स –२४३ दिसतो असे समजा. फळीची कड –२४३ वर आहे का? नाही. नोंद कटरच्या मध्याची असते आणि मध्य कडेपासून त्रिज्येइतका, म्हणजे ३ मिलिमीटर, डावीकडे आहे. म्हणून कड –२४० वर. तसेच पुढच्या कडेला वाय –१५३ आला, तर कड –१५० वर. उंचीसाठी फळीवर एक साधा कागद ठेवून कटर खाली आणायचा आणि कागद किंचित अडकू लागला की थांबायचे. वहीच्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. झेड –३१.९ आला तर पृष्ठभाग –३२.० वर. (काही जण कागदाऐवजी ठरावीक जाडीची धातूची पट्टी वापरतात. कटर पट्टीला टेकताच विद्युत्परिपथ पूर्ण होतो आणि यंत्र आपोआप थांबते.)

तेव्हा जॉबच्या शून्याची जागा झाली (–२४०, –१५०, –३२). चित्रातील एखादा बिंदू (२५, १०, –२) असेल, तर यंत्राला जायचे आहे (–२१५, –१४०, –३४) येथे. नुसती बेरीज! हे तीन आकडे ‘जी ५४’ या नावाने नियंत्रकाच्या कायम स्मृतीत साठवता येतात. ही स्मृती वीज गेली तरी पुसली जात नाही. जी ५४ ते जी ५९ असे सहा कप्पे तीत आहेत.

घराच्या स्विचची जागा बिनचूक असली पाहिजे का? मुळीच नाही. तो दोन मिलिमीटर अलीकडे बसवला काय अन् पलीकडे बसवला काय, जॉबचे शून्य आपण नंतर मोजूनच घेतो. हवी ती फक्त एकच गोष्ट : यंत्र आज जेथे थांबले, उद्याही त्याच जागी थांबले पाहिजे. अचूकता आणि पुनरावृत्ती हे दोन वेगळे गुण आहेत. दररोज बरोबर पाच मिनिटे पुढे असणारे घड्याळ चुकीचे असले तरी वापरता येते. कधी पुढे तर कधी मागे जाणारे घड्याळ कामाचे नाही.

मध्येच वीज गेली तर

आता खरी कसोटी. तीन तास चालणारे कोरीव काम दोन तासांनी अर्ध्यात आहे आणि वीज गेली. कटर एका अक्षराच्या पोटात थांबलेला. चांगल्या सागवानाची फळी, आणि दुसरी मिळायची नाही.

यंत्राला घर नसेल, तर वीज आल्यावर ते त्या खाचेलाच (०, ०, ०) म्हणेल. जॉबचे शून्य पुन्हा शोधावे म्हटले, तर कदाचित ज्या कोपऱ्यापासून ते मोजले होते तो कोपराच कटरने गोल करून टाकलेला असतो! मग अंदाजाने जुळवायचे. अंदाज अर्धा मिलिमीटर चुकला, की अक्षराच्या भिंतीवर जन्मभर दिसणारी पायरी उमटते.

घर असेल तर मात्र काम सरळ आहे. जॉब हलू द्यायचा नाही, क्लॅम्पना हात लावायचा नाही. वीज आल्यावर शोधाची आज्ञा द्यायची. झेड आधी हलत असल्यामुळे कटर खाचेतून सरळ वर निघतो; मघाशी सांगितलेल्या क्रमाचे महत्त्व येथे पटते. मग एक्स, वाय घरी जातात. जी ५४ चे आकडे स्मृतीत आहेतच. कार्यक्रमाची कोणती ओळ चालू होती ते पाहून, कटर सुरक्षित उंचीवर असलेल्या तिच्या आधीच्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करायची. मात्र कार्यक्रमाच्या आरंभी असलेल्या ‘मापे मिलिमीटरमध्ये’, ‘निर्देशक शून्यापासून मोजलेले’, ‘स्पिंडल चालू’ या आज्ञा आधी न चुकता द्याव्या लागतात. घराची पुनरावृत्ती दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत असेल, तर लाकडावर जोड शोधूनही सापडत नाही.

घराचा आणखी एक उपयोग आहे. यंत्राला आपली जागा आणि प्रत्येक अक्षाची लांबी ठाऊक असली, की हद्दीबाहेर नेणारी आज्ञा ते आधीच नाकारू शकते. याला ‘सॉफ्ट लिमिट’ म्हणतात. घरच माहीत नसेल तर हे कुंपण कोठे घालणार? म्हणूनच जीआरबीएलमध्ये होमिंग चालू असल्याशिवाय सॉफ्ट लिमिट चालू करता येत नाही.

स्विच आणि तारा

छोट्या मायक्रोस्विचला तीन टोके असतात. एक सामाईक, एक ‘एनओ’ आणि एक ‘एनसी’. एनओ टोक वापरले तर एरवी परिपथ खंडित असतो आणि स्विच दाबल्यावर पूर्ण होतो. एनसी टोक वापरले तर उलट : एरवी परिपथ पूर्ण, दाबल्यावर खंडित. कोणते घ्यावे?

समजा, रोजच्या हालचालीने तार आतून तुटली. एनओ जोडणीत नियंत्रकाला काहीच वेगळे कळत नाही. खंडित परिपथ म्हणजे ‘स्विच दाबलेला नाही’ असाच त्याचा अर्थ. यंत्र टोकाला जाऊन धडकेल आणि तरीही पुढे ढकलीत राहील. एनसी जोडणीत तार तुटताच परिपथ खंडित होतो, नियंत्रकाला स्विच दाबल्यासारखे वाटते आणि यंत्र जागच्या जागी अडून बसते. काम थांबते, पण मोडतोड होत नाही. दोष निर्माण झाला तर तो निर्धोक बाजूने व्हावा, असा हा विचार आहे. तेव्हा एनसीच वापरावे. त्यासाठी जीआरबीएलमधील $५ या क्रमांकाची नोंद १ करावी लागते, कारण मूळ मांडणी एनओसाठी आहे. होमिंग चालू करण्यासाठी $२२ ची नोंद १ करतात.

स्पिंडलच्या मोटारीमुळे होणारा विद्युत् उपद्रव हे दुसरे दुखणे. स्विचच्या लांब तारा अँटेनासारख्या वागतात आणि कोणीही स्विच दाबलेला नसताना यंत्र ‘टोक आले!’ म्हणून थांबते. अशा तारा मोटारीच्या तारांपासून दूर न्याव्यात, जाळीचे आवरण असलेली केबल घ्यावी आणि स्विचच्या संकेताच्या टोकाशी ०.१ मायक्रोफॅरडचा संधारित्र जोडावा. बहुतेक वेळा एवढ्याने भागते.

आणि कीस! लाकडाचा भुसा किंवा अॅल्युमिनियमची एखादी बारीक चकती स्विच आणि सरकत्या भागाच्या मध्ये येऊन बसली, की घर तेवढ्याच जाडीने सरकले. म्हणून स्विच उघड्यावर नको. आडोशाला, शक्य तर तोंड खाली करून बसवावा. शोधाची आज्ञा देण्यापूर्वी एक मऊ ब्रश फिरवण्याची सवय फार उपयोगी पडते.

नव्या यंत्रावर पहिल्यांदा होमिंग करताना एक काळजी घ्यावी. प्रत्येक अक्ष मध्यावर आणून ठेवा, मग आज्ञा द्या आणि यंत्र स्विचपर्यंत पोचण्याआधीच बोटाने स्विच दाबा. दुसरा हात तातडीने थांबवण्याच्या लाल बटणावर असू द्या. स्विच दाबताच अक्ष थांबून मागे आला तर जोडणी बरोबर. अक्ष स्विचपासून दूरच निघाला, तर $२३ मधील दिशेची नोंद उलटी आहे. अशा वेळी वाट पाहू नका. जीआरबीएल अक्षाच्या लांबीच्या दीडपट अंतरापर्यंत शोध घेते आणि मगच हार मानते; तोवर यंत्र दुसऱ्या टोकावर जाऊन दातओठ खात बसेल. कटर या वेळी काढून ठेवलेलाच बरा.

करून पाहा

तुमच्या यंत्राचे घर किती स्थिर आहे, हे ०.०१ मिलिमीटर लघुतम माप असलेल्या डायल गेजने तपासता येते. गेज बेडवर क्लॅम्पने पक्के करा (बेड अॅल्युमिनियमचा असेल तर चुंबकी स्टँड चिकटणार नाही). होमिंग करा, यंत्राच्या एक्स –१० या जागी जा, स्पिंडलचा भाग गेजला अलगद टेकेल अशी मांडणी ठेवा आणि वाचन लिहून घ्या. दर खेपेला गेजकडे एकाच दिशेने या, नाहीतर स्क्रू-नटमधील ढिलेपणाही मोजला जाईल. यंत्र बंद करून, स्क्रू थोडा फिरवून, पुन्हा चालू करून असे दहा वेळा करा. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान वाचनांतील फरक म्हणजे तुमच्या घराची पुनरावृत्ती. मग सावकाश शोधाचा वेग २५ वरून २५० करून तोच प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही फरक शेजारी शेजारी मांडा.

शाळेत मिलिंग यंत्र नसेल, पण अटल टिंकरिंग प्रयोगशाळेत त्रिमिती मुद्रक असेल, तर त्याच्याजवळ उभे राहून निरीक्षण करा. तोही काम सुरू करण्यापूर्वी घर शोधतो. बहुतेक मुद्रकांत क्रम उलटा असतो : आधी एक्स व वाय, शेवटी झेड. कारण त्याचे उंचीचे शून्य खाली, पाटावर असते आणि तेथे उतरण्यापूर्वी टोक ठरलेल्या जागी असणे बरे. म्हणूनच त्याचे निर्देशक धनही असतात.

कारखान्यातील अनेक मोठ्या यंत्रांना मात्र रोज घर शोधावे लागत नाही. त्यांच्या अक्षांवर निरपेक्ष स्थान सांगणारे एन्कोडर असतात. यंत्र चालू होताच ते आपली जागा सांगतात. हौशी यंत्रात ही चैन खर्चिक ठरते. तीन छोटे स्विच आणि थोडी तार हीच तेथे स्वस्त आणि मस्त सोय.

आता एक उदाहरण सोडवा. वरच्याच फळीवर काम करताना ६ मिलिमीटरचा कटर काढून ३ मिलिमीटरचा बसवला. तो स्पिंडलमधून आधीच्यापेक्षा ४.२ मिलिमीटर कमी बाहेर येतो. जी ५४ मधील कोणते आकडे बदलतील? आणि फळीत ९ मिलिमीटर खोल भोक पाडता येईल का?

उत्तर : एक्स आणि वाय बदलणार नाहीत, कारण कटरचा मध्य तोच आहे. आखूड कटरला फळीपर्यंत पोचण्यासाठी ४.२ मिलिमीटर जास्त उतरावे लागेल, म्हणून झेड –३२.० ऐवजी –३६.२ होईल. तेथून ९ मिलिमीटर खाली म्हणजे –४५.२, यंत्राची हद्द –४५ ला संपते. सॉफ्ट लिमिट चालू असेल तर यंत्र त्या ओळीपाशी थांबेल. कटर कॉलेटमधून थोडा अधिक बाहेर काढून पुन्हा कागद लावून झेड मोजा, किंवा फळीखाली एक सपाट पाटी सरकवा. पाटी सरकवली तर फळी सुटली, म्हणून तिन्ही आकडे नव्याने मोजावे लागतील.